भविष्यवादी की संदेष्टा? : लोहाऱ्यातून ‘शेवटच्या काळा’चा इतिहास वाचताना

१/२६
यवतमाळ शहराला खेटून असलेल्या लोहाऱ्यात परवा प्रार्थनासभा संपल्यावर बारावीच्या एका मुलाने मला बाजूला घेतले आणि विचारले, “दादा, शेवटचा काळ इतका जवळ असेल, तर मी प्रवेश परीक्षेचा अर्ज भरू की नको?” त्याच्या फोनवर कुणीतरी पाठवलेला एक तक्ता होता. डावीकडे दानीएलाच्या पुस्तकातील चार पशू, मध्ये युद्धे, भूकंप आणि साथी, उजव्या टोकाला एक वर्ष. मुलगा थट्टा करीत नव्हता. अर्जाची मुदत चार दिवसांत संपत होती. त्याला तिथल्या तिथे जे नीट सांगता आले नाही, ते या धाग्यात मांडतो आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/२६
प्रथम माझी भूमिका. मी ख्रिस्ती आहे. ख्रिस्त पुन्हा येणार हे वाक्य मतांगीकारात म्हणतो आणि मनापासून म्हणतो. त्यामुळे हा धागा श्रद्धेची टिंगल करण्यासाठी नाही. माझे म्हणणे एवढेच, की बायबलमधील भविष्यवाणीचा अभ्यास ज्याला करायचा आहे त्याने आधी तिचा भूतकाळ वाचला पाहिजे: ती प्रथम कुणाला उद्देशून बोलली गेली, आणि पुढे कुणी कुणी तिच्यातून कोणकोणती वर्षे काढली. हा दुसरा इतिहास आपल्या मुंबईतून, कोकणातून आणि वऱ्हाडातूनही जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

३/२६
सुरुवात एका शब्दापासून करू. जुन्या मराठी बायबलांत यशया, यिर्मया यांना ‘भविष्यवादी’ म्हटलेले आढळते. आज प्रचलित असलेल्या भाषांतरात तोच माणूस ‘संदेष्टा’ झाला आहे. भविष्यवादी म्हणताच आपल्या मनासमोर पंचांग, कुंडली आणि पोपटवाला जोशी उभा राहतो. संदेष्टा म्हणताच निरोप्या. मूळ हिब्रू शब्द ‘नाबी’. त्याचे ग्रीक रूपांतर ‘प्रोफेतेस’, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. हे लोक पुढचे बोलत, पण मुख्यतः समोरच्या राजाला, सावकाराला आणि पुरोहिताला बोलत. एका शब्दाच्या बदलात माझा अर्धा युक्तिवाद येऊन जातो.

४/२६
बायबलचे शेवटचे पुस्तक ‘प्रकटीकरण’. ग्रीक नाव ‘अपोकालिप्सिस’, अर्थ पडदा बाजूला सारणे. इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून पुढे सुमारे तीनशे वर्षे यहुदी आणि ख्रिस्ती समाजात या धर्तीचे पुष्कळ लेखन झाले. त्याची भाषा ठरलेली: पशू, शिंगे, मोहरा, आकडे. परकीय सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्यांची ही आपसांतली भाषा होती. सत्तेचे नाव उघड घेणे जिवावर बेतणारे असे. म्हणून नावाच्या जागी चित्र यायचे. ऐकणाऱ्याला ते बरोबर कळायचे.

५/२६
मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, हे पिटातल्या प्रेक्षकालाही उमगत होते. सरकारलाही उमगले. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. आता कल्पना करा, दोन हजार वर्षांनी कुणाला हे नाटक सापडले आणि त्याने कर्झनचे नावही न ऐकता आपल्या काळातील वर्तमानपत्रात कीचक शोधायला सुरुवात केली. प्रकटीकरणाच्या बाबतीत आपण बहुधा हेच करीत असतो.

६/२६
दानीएलाचे पुस्तक पाहा. कथा बाबेलच्या दरबारात, इ.स.पू. सहाव्या शतकात घडते. परंपरा ते त्याच काळचे मानते. बहुसंख्य आधुनिक अभ्यासक मात्र त्याचे अंतिम रूप इ.स.पू. १६५ च्या सुमाराचे मानतात. कारण त्यातील दृष्टान्तांचा रोख एका ग्रीक राजावर नेमका जाऊन थांबतो. हा राजा चौथा अँटिओकस एपिफनीस. त्याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरात परकीय देवतेची पूजा सुरू केली आणि यहुदी धर्माचरणावर बंदी घातली. इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध झाले. हनुक्का हा सण त्याचीच आठवण.

७/२६
त्याच पुस्तकात मंदिराच्या विटंबनेची मुदत येते: २३०० संध्याकाळ-सकाळ. रोज संध्याकाळी एक आणि सकाळी एक असे होम होत. ते होम मोजले आहेत असे धरले, तर दिवस होतात ११५०, म्हणजे तीन वर्षांहून थोडे अधिक. अँटिओकसच्या जुलमाचा काळ जवळपास तेवढाच. पहिल्या ऐकणाऱ्यांसाठी हा आकडा म्हणजे ‘किती दिवस, देवा?’ या आर्त प्रश्नाला मिळालेला दिलासा होता: जुलूम मोजका आहे, तो संपेल. हा २३०० चा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो अमेरिकेत भेटणार आहे.

८/२६
आता सर्वांत कुप्रसिद्ध आकडा: ६६६. हिब्रू आणि ग्रीक लिपींत अक्षरांनाच संख्यामूल्य असते. आपल्याकडे कटपयादी पद्धत तशीच. शिलालेखांतून आणि पोथ्यांतून ‘वेद’ म्हणजे ४, ‘नेत्र’ म्हणजे २ अशी भूतसंख्याही वापरली जाई. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहा: ५० + २०० + ६ + ५० + १०० + ६० + २००. बेरीज ६६६. शेवटचा ‘न’ गाळून ‘नेरो’ लिहिले तर ६१६. आणि काही प्राचीन हस्तलिखितांत खरोखर ६१६ हाच आकडा आढळतो. ख्रिस्ती लोकांना जिवंत जाळणाऱ्या रोमन सम्राटाचे हे नाव होते. बारकोड तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

९/२६
प्रकटीकरणाचा लेखक योहान पात्म बेटावर होता. पुस्तकाचा काळ बहुधा सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीचा, इ.स. ९५ च्या आसपासचा. सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरचा स्वार येतो, हाती तराजू घेऊन. मागून आवाज येतो: दिवसभराच्या मजुरीला जेमतेम एका माणसाच्या पोटापुरते गहू; तेल आणि द्राक्षारस यांना मात्र धक्का लावायचा नाही. म्हणजे गरिबाची भाकर महाग आणि श्रीमंताच्या मेजवानीची सामग्री सुरक्षित. कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला हे चित्र परके वाटू नये. शेतात नगदी पीक उभे आणि घरात ज्वारीची चणचण, हा आपलाही इतिहास आहे.

१०/२६
अठराव्या अध्यायात तर रोमच्या बाजारपेठेची यादीच आहे: सोने, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहू, घोडे, रथ, आणि सर्वांत शेवटी माणसे. गुलामांचा व्यापार या यादीच्या तळाशी नोंदवून योहानाने एका साम्राज्याचा ताळेबंद मांडला आहे. तक्ते काढणारे या अध्यायावरून घाईने पुढे सरकतात, कारण त्यात वर्ष सापडत नाही. माझ्या मते भविष्यवाणीचा गाभा इथेच आहे. ती बाजारभाव पाहते, गुलाम मोजते आणि सांगते की हे देवाच्या नजरेतून सुटलेले नाही.

११/२६
मग वर्षे काढण्याचा खटाटोप आला कुठून? प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. त्याच्या अर्थावरून तीन मुख्य मते झाली. एक: ख्रिस्त आधी येईल, मग हजार वर्षांचे राज्य. दुसरे: सुवार्ता, शिक्षण आणि सुधारणा यांतून ते राज्य आधी उगवेल, शेवटी ख्रिस्त येईल. तिसरे, संत ऑगस्टीनच्या वळणाचे: हजार वर्षे ही प्रतिमा आहे, मंडळीचा चालू काळ म्हणजेच ते राज्य. वाद पुस्तकी वाटतो. पण महाराष्ट्रात मिशनऱ्यांनी काय बांधले आणि किती घाईने, हे समजून घ्यायला तो उपयोगी पडतो.

१२/२६
फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. त्या पिढीच्या अमेरिकन मिशनकार्यामागे दुसऱ्या मताची आशा प्रबळ होती: जग हळूहळू उजळत जाईल. १८१८ मध्ये हॉल आणि नेवेल यांनी साठ कोटी लोकांपर्यंत सुवार्ता नेण्याचा हिशेबच पुस्तकरूपाने मांडला. दीर्घ आशा धरणारा माणूस शाळा आणि छापखाना काढतो. १८४२ मध्ये अहमदनगरहून निघालेले ‘ज्ञानोदय’ हे याच मिशनचे अपत्य. अंतकाळाविषयीच्या एका मताने मराठी नियतकालिकांच्या इतिहासात अशी भर घातली.

१३/२६
‘ज्ञानोदय’ निघाले त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम मिलर हा शेतकरी-उपदेशक दानीएलाचे २३०० दिवस घेऊन बसला होता. एक दिवस म्हणजे एक वर्ष असे त्याने धरले. आरंभ इ.स.पू. ४५७. त्यात २३०० मिळवले आणि इसवीच्या गणनेत शून्य वर्ष नसते हे लक्षात घेतले की १८४४ येते. अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस मुक्रर केला. कित्येकांनी पिके शेतात तशीच सोडली. दिवस उजाडला, मावळला. इतिहासात त्याची नोंद ‘महानिराशा’ या नावाने झाली आहे. गणित चोख होते. प्रश्नच चुकीचा होता.

१४/२६
मुंबईनेही असा एक भाकीतकार पाहिला आहे. जोसेफ वोल्फ, जन्माने यहुदी, नंतर ख्रिस्ती झालेला, विलक्षण धाडसी प्रवासी. बुखारा, पंजाब, कलकत्ता, मद्रास, गोवा असे फिरत तो १८३३ मध्ये मुंबईस पोहोचला. इस्राएलाचे हरवलेले दहा वंश शोधणे हा त्याचा ध्यास, आणि १८४७ मध्ये ख्रिस्त येणार हे त्याचे जाहीर प्रतिपादन. १८४७ आले आणि गेले. वोल्फ मात्र पुढे १८६२ पर्यंत जगला. भाकितापेक्षा भाकीतकाराचे आयुष्य मोठे निघाले, असे या इतिहासात वारंवार दिसते.

१५/२६
ज्यांच्यात ते वंश शोधले जात होते, त्यांची बाजूही ऐकायला हवी. कोकणातील बेने इस्रायल हे मराठी बोलणारे, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे; म्हणून ‘शनिवार तेली’. युरोपीय अभ्यासकांना ते भविष्यवाणीचा जिवंत पुरावा वाटत. पुढे १९४८ नंतर यांतले हजारो जण इस्राएलला गेले. तिथे १९६२ मध्ये धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी लावली. निदर्शने आणि संप झाले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. दुसऱ्याच्या भाकितातले पात्र होणे वेगळे आणि माणूस म्हणून स्वीकारले जाणे वेगळे. आजचे तक्ते काढणाऱ्यांनी पश्चिम आशियातील माणसांकडे पाहताना हे आठवावे.

१६/२६
आता वऱ्हाड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इकडे आलेल्या मिशनांचा स्वभाव निराळा होता. अकोला आणि आसपास काम करणाऱ्या अलायन्स मिशनचा संस्थापक ए. बी. सिम्पसन पहिल्या मताचा कट्टर पुरस्कर्ता. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातील चौदावे वचन त्याचे ब्रीद: सर्व राष्ट्रांना सुवार्ता ऐकवली जाईल, मग शेवट येईल. याचा अर्थ त्याने असा घेतला, की आपण जितक्या लवकर सर्वांपर्यंत पोहोचू तितके ख्रिस्ताचे येणे जवळ आणू. अकोल्याच्या मिशन बंगल्यामागे अशी विश्वव्यापी घाई उभी होती.

१७/२६
पण त्या घाईला वऱ्हाडात दुष्काळ आडवा आला. १८९६-९७ आणि त्यामागोमाग १८९९-१९००. यवतमाळ तेव्हा वणी जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले. ज्वारीचे भाव कडाडले, गुरे मेली, गावे ओस पडली. जग लवकरच संपणार असे मानणाऱ्या मिशनांच्या दारात अनाथ मुले येऊन उभी राहिली. त्या मुलांना ‘शेवट जवळ आहे’ एवढेच सांगून भागणार नव्हते. अनाथालये उघडावी लागली, त्यांच्यासाठी विहिरी, सुतारशाळा, वर्ग. तक्त्यात नसलेल्या मुलांनी तक्त्यावर मात केली, असे मला वाटते.

१८/२६
यवतमाळची कथा याच वळणाची. इथे आलेल्या फ्री मेथडिस्ट पंथाची स्थापना अमेरिकेत १८६० ची. नावातील ‘फ्री’ या शब्दामागे दोन आग्रह: गुलामगिरीला विरोध, आणि चर्चमधली बाके पैसे घेऊन श्रीमंतांना राखून न देता सर्वांना खुली ठेवणे. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायातली ती यादी आठवते ना? या पंथाच्या कामातून जिल्ह्यात उमरीचे रुग्णालय उभे राहिले. आणि १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, निरनिराळ्या पंथांच्या सहकार्याने.

१९/२६
तीस वर्षे, म्हणजे १९८३ मध्ये पुण्याला स्थलांतर होईपर्यंत, देशभरातील तरुण इथे यवतमाळात येऊन हिब्रू आणि ग्रीक शिकले. लोहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर दानीएल आणि प्रकटीकरण मूळ भाषांत वाचले जात होते! ज्या मुलांच्या फोनवर आज तक्ते फिरतात, त्यांना आपल्याच गावाची ही परंपरा कुणी सांगितलेली नाही. भाषेचे व्याकरण शिकायला वर्षे लागतात. तक्ता पाठवायला एक क्षण पुरतो. आपण सोपे ते निवडले.

२०/२६
वऱ्हाडाबाहेरचे एक मोठे उदाहरण केडगावचे. जून १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये धार्मिक जागृतीची लाट उसळली. त्या दशकात जगभर पसरलेल्या पेंटेकोस्टल चळवळीने अशा लाटांना योएलाच्या पुस्तकातून एक नाव दिले: ‘शेवटचा पाऊस’, जगाच्या शेवटापूर्वीची वृष्टी. इथे भूगोलाचा धडा महत्त्वाचा. पॅलेस्टाइनमध्ये पेरणीचा पाऊस शरदात आणि पीक भरण्याचा पाऊस वसंतात पडतो. तो शेवटचा पाऊस म्हणजे कृपा. यवतमाळच्या शेतकऱ्याला मात्र हे शब्द वाचून परतीचा पाऊस आठवतो: फुटलेल्या कापसाला भिजवणारा, सोयाबीन काळे पाडणारा. एकच शब्द, आणि अर्थ उलटा. संदर्भ न जाणता वाचले की असे होते.

२१/२६
रमाबाईंनी त्या जागृतीनंतर काय केले? कोणतीही तारीख त्यांनी जाहीर केली नाही. त्या हिब्रू आणि ग्रीकची व्याकरणे घेऊन बसल्या. आयुष्याची उरलेली वर्षे त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. ते मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी जुळवले, छापले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवटच्या काळाची वाट कशी पाहावी, याचे याहून चांगले मराठी उदाहरण मला माहीत नाही.

२२/२६
आणि हे तक्ते? त्यांचे मूळ बरेचसे एकोणिसाव्या शतकातील जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीत. इतिहासाचे ‘युगां’त तुकडे पाडणारी त्यांची मांडणी १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांमधून घरोघर गेली. वाचकाला मजकूर आणि टीप यांतला भेद उरला नाही. मग श्वापद म्हणून नेपोलियन झाला, मुसोलिनी झाला, सोव्हिएत रशिया झाला. शिक्का म्हणून बारकोड झाला, आधार झाला, लस झाली. अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील हॅरल्ड कॅम्पिंग यांच्या २१ मे २०११ चे. यादी वाढते, पद्धत तीच राहते, निकालही तोच.

२३/२६
हा केवळ ख्रिस्ती लोकांचा दोष नव्हे. फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही आठवणारे आजी-आजोबा अजून असतील. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून देशभर प्रलयाची भीती पसरली, जागोजागी यज्ञ झाले, आणि ग्रह आपल्या वाटेने निघून गेले. भीती कुठल्याही धर्माच्या शब्दांत बोलू शकते. आजोबांना विचारा आणि त्यांची आठवण लिहून ठेवा. स्थानिक इतिहासाचे ते अस्सल साधन आहे.

२४/२६
माझ्यावर रास्त आक्षेप येईल. “सगळे नेरो आणि अँटिओकसवर ढकलले, तर आशेला उरले काय? आणि ती घाई नसती तर अकोल्याला कुणी आले असते का?” दुसरा भाग मी मान्य करतो. उत्कटतेशिवाय इतक्या दूर कुणी येत नाही. पण वऱ्हाडात टिकले ते काय, हे पाहा: शाळा, दवाखाना, भाषांतर. पहिल्या भागाचे उत्तर बायबलच देते. त्या दिवसाविषयी व घटकेविषयी पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्काच्या शुभवर्तमानात येशू सांगतो. आणि तो दिवस आलाच असे समजून काम सोडून बसलेल्या थेस्सलनीकाकरांना पौल बजावतो, की जो काम करीत नाही त्याने खाऊही नये. आशा राहते, तारीख कधी दिलेलीच नव्हती.

२५/२६
शेवटी यिर्मया. बाबेलच्या गुलामगिरीविषयी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने लोकांना आवडणारी तारीख दिली: दोन वर्षांत सुटका. यिर्मयाने सांगितले सत्तर वर्षे. आणि बंदिवानांना पत्र धाडले, की घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा. पुढे यरुशलेमला वेढा पडला होता, यिर्मया स्वतः कैदेत होता, तेव्हा त्याने चुलतभाऊ हनामेलकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतले. साक्षीदार, सही, मोहर. खरेदीखताच्या दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. देश बुडताना केलेली ही जमिनीची नोंदणी हीच त्याची सर्वांत मोठी भविष्यवाणी होती.

२६/२६
म्हणून कोणताही तक्ता आला की चार प्रश्न विचारा. हे शब्द प्रथम कुणाला उद्देशून होते? त्यांच्या डोक्यावर कोणती सत्ता होती? याच वचनावरून पूर्वी कोणी कोणते वर्ष काढले? आणि हे वाचून मी शेजाऱ्याच्या अधिक उपयोगी पडेन की कमी? लोहाऱ्याच्या त्या मुलाला आज सकाळी मी यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय वाचायला सांगितले आणि खाली एकच ओळ लिहिली: अर्ज भर, मुदत परवा संपते. तुमच्या गावातील जुनी चर्चे, मिशन शाळा किंवा ‘जग बुडणार’ म्हणून गाजलेल्या वर्षांच्या आठवणी असतील तर खाली जरूर नोंदवा. धागा समाप्त.
#इतिहासाचा_धागा #वऱ्हाड #यवतमाळ